हुदहुदचं पीस

अब्बा, गेल्या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी माझ्यासमोर बारीक चौकटींचा एक कागद धरला आणि मधल्या ठिपक्याकडे बघा म्हणाल्या. ठिपका दिसत होता, पण त्याच्या आजूबाजूच्या रेघा वाकल्या होत्या, ओल धरलेल्या भिंतीसारख्या फुगल्या होत्या. "वयाचं आहे," त्या म्हणाल्या, "सावकाश वाढतं. आता इंजेक्शनं असतात, घाबरू नका." मी घाबरले नाही. घरी येताना रिक्षात मला फक्त तुमची मान आठवत राहिली, किंचित डावीकडे वळवलेली. माझ्याशी बोलताना तुम्ही माझ्या कानाकडे बघायचात. बारा वर्षांची होते तेव्हा मला वाटायचं, माझे डूल तुम्हाला आवडतात.

तुम्हाला जाऊन आता पन्नास वर्षं होत आली. मधल्या काळात मी वर्तमानपत्रात नोकरी केली. दुसऱ्यांचा मजकूर कापला, जोडला, वेळेत पानावर बसवला. कुणी मोठा माणूस गेला की पाऊण तासात त्याच्यावर चारशे शब्द लिहून द्यायचे हे काम बहुतेक माझ्याकडे यायचं, आणि मी ते कधी चुकवलं नाही. तुमच्यावर मात्र एकदाच लिहिलं, रविवारच्या पुरवणीत. त्यात रत्नागिरीच्या बाजारातलं तुमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, कुवेत होतं, तुमची बोटं होती. लोकांना आवडलं, पत्रं आली. त्यात एक वाक्य होतं, 'पुढे कंपनीच्या डॉक्टरच्या लक्षात आलं आणि अब्बांची नोकरी गेली.' नीटनेटकं वाक्य. माझ्यासमोर दुसऱ्या कुणाचं आलं असतं तर मीही त्यावर लाल रेघ मारली नसती. त्या एका वाक्यासाठी आज पुन्हा लिहायला बसले आहे.

कुवेतातल्या फहाहीलची ती दोन खोल्यांची जागा मला अजून पाठ आहे. मधे अंगण, अंगणात पाण्याची टाकी, पलीकडच्या खोल्यांत मालकाचं कुटुंब. समुद्र इतका जवळ की भरतीला अम्मी म्हणायची, "घरच्यासारखाच वास हाय, फकस्त माडांचा आवाज नाय." तुम्ही उजाडायच्या सुमाराला कंपनीच्या बसने अहमदीला जायचात, तेलाच्या नळांवरची दाबाची मीटरं दुरुस्त करायला. घड्याळजी तो घड्याळजीच, तुम्ही म्हणायचात, इथली घड्याळं वेळेऐवजी दाब दाखवतात एवढंच. तुमच्यामागून दोन वर्षांनी आम्ही दोघी आलो. रत्नागिरीला मी पाचवीत पहिली आले होते, आणि फहाहीलला माझ्यासाठी शाळाच नव्हती. शहरात एक होती म्हणे, पण तिथवर रोज मला कोण नेणार? माझं शिकणं थांबलं. मी भांडी घासायचे, तांदूळ निवडायचे, जुनी क्रमिक पुस्तकं पुन्हापुन्हा वाचायचे. सगळ्यात जास्त मला काय आठवायचं, तर बाईंनी वहीवर लिहिलेलं 'शाब्बास'. वर्षभरात ते मला कुणी म्हटलं नव्हतं.

रुपये जाऊन दिनार आले होते त्या सुमाराची ही गोष्ट. तुमचा साहेब इंग्रज, हिंदुस्थानात नोकरी करून आलेला, मोडकंतोडकं हिंदुस्तानी बोलणारा. त्याचं मनगटी घड्याळ तुम्ही दुरुस्त केलंत, तुमची बोटं त्याने बघितली, आणि आठवड्याभराने एक चित्रांचं पुस्तक तुमच्या हातात दिलं. विलायतेत ट्राउट नावाचा मासा असतो, गार वाहत्या नदीत राहणारा, अंगभर ठिपके असलेला. तो पाण्यावर बसणाऱ्या माश्या-किडे खातो, म्हणून त्याला पकडायला गांडूळ नाही, चिंबोरी नाही, तर गळाला पिसं आणि रेशीम बांधून खोटी माशी करतात. साहेबाची लांब रजा एप्रिलात होती. त्याआधी त्याला अशा माश्या हव्या होत्या, पुस्तकातल्या चित्रांबरहुकूम. "तुम बनायेगा? तुम्हारा उंगली बहुत बारीक काम करता," तो म्हणाला. तुम्ही हो म्हणालात. साहेबाला नाही म्हणायचं नव्हतं, आणि ते कामही तुम्हाला आवडलं होतं.

तुम्ही घरी पुस्तक दाखवलंत तेव्हाचं अम्मीचं बोलणं मला शब्द न् शब्द आठवतं. ती पोळपाटावर भाकरी थापत होती.

"चवीला कसा हाय हा मासा?"

"साहेब खात नाय. पकडतो नि सोडतो परत पाण्यात."

"सोडतो? मग पकडतो कशाला?"

"खेळ हाय तो."

"माशाला पण खेळच वाटतो काय, विचारा बगू तुमच्या साहेबाला."

तुम्ही इतके हसलात की मालकाची बायको अंगणातून डोकावली. अब्बा, तुम्ही असे हसलेले मला फार थोड्या वेळा आठवता.

पहिल्या डझनभर माश्या तुम्ही स्वतः बांधल्यात. कंपनीच्या कारखान्यातल्या लोखंडी तुकड्यांतून एक छोटा व्हाइस, वस्तू घट्ट धरून ठेवणारा चिमटा, केलात आणि तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी फळीला बसवलात, कारण घरात उजेड फक्त तिथे होता. गळ व्हाइसमध्ये पकडायचा, त्यावर मेण लावलेल्या रेशमी धाग्याचे वेढे, मग अंगासाठी उंटाचे केस, मग कोंबड्याच्या मानेचं एक बारीक पीस गोल फिरवायचं, की ते माशीच्या पायांसारखं उभं राहतं. शेवटी गाठ. तांदळाच्या दाण्याएवढी वस्तू, पण पूर्ण झाली की आता उडेल असं वाटायचं. गाठ मारून झाली की तुम्ही ती माशी गळाचं टोक सांभाळून खालच्या ओठावरून हळूच फिरवायचात. दुकानातही तुम्ही घड्याळाचं चाक असंच ओठाला लावून तपासायचात. बोटांना कळत नाही ते ओठाला कळतं, म्हणायचात.

मग एका दुपारी तुम्ही पाळी संपवून आलात, जेवलात, खिडकीशी बसलात, आणि धागा गळाच्या शेजारून हवेतच फिरवत राहिलात. मी तांदूळ निवडत होते. मी बघितलं की धागा गळाला लागतच नाही. तुम्ही थांबलात, मान डावीकडे वळवलीत, पुन्हा केलंत, पुन्हा हुकलं. "हिकडं ये गो," तुम्ही म्हणालात, "हे धर." तेव्हा मला सांगितलंत. वर्ष झालं होतं. जिथे बघावं तिथेच एक डाग येतो. कडेचं सगळं दिसतं, चालता येतं, बस दिसते, माणूस दिसतो, पण माणसाकडे बघितलं की त्याचं तोंड पुसलं जातं. कारखान्यात तुम्ही हाताने चाचपून काम करत होतात, आणि बारीक स्प्रिंगा नव्या पोरांना लावायला देत होतात. 'तू लाव, मी बघतो' म्हणायचात. त्यांना वाटायचं उस्ताद शिकवतायत. "अजून दोन वर्सं निघाली पायजेत," तुम्ही म्हणालात. "दोन वर्सांनी आपण होऊन घरी जाऊ. कंपनीला कळलं तर उद्याच्या जहाजात बसवतील. तुझ्या अम्मीला पण बोलू नको. ती रडंल, नि मालकिणीला कळंल."

त्या दिवसापासून माश्या मी बांधू लागले. तुम्ही शेजारी बसायचात, हातात काही नसायचं, आणि तोंडाने सांगायचात. आता पीस कुठून धरलंस? टोकाकडून? मग उलटं धर. धागा ताण, तुटला तर तुटू दे. गाठ दिसता कामा नये, माशाला आधी तीच दिसणार. झालं की मी माशी तुमच्या तळव्यावर ठेवायचे. तुम्ही ती ओठावरून फिरवायचात आणि एकतर मान हलवायचात, नाहीतर म्हणायचात, "सोड, परत बांध." दहातल्या सात परत बांधायला लावायचात. चांगली झाली तर काहीच बोलत नव्हतात, डबीत टाकायचात. तुमच्या लेखी तीच शाबासकी होती. मला ते तेव्हा कळत नव्हतं. मी वाट बघायचे. अम्मीला वाटायचं मी तुमच्या मदतीला बसते, पिसं निवडून देते.

वसंतात अंगणातल्या टाकीवर एक हुदहुद येऊन बसू लागला. डोक्यावर तुरा, पंखांवर काळे-पांढरे पट्टे. उत्तरेला जाताना हे पक्षी आठवडाभर इथे थांबायचे. एकदा त्याचं एक पीस अंगणात पडलेलं मला सापडलं. त्या पिसाची मी एक माशी बांधली, पुस्तकात नसलेली, माझ्या मनाची. काळं-पांढरं पीस, खाली उंटाचे पिवळट केस. तुम्हाला न सांगता तळव्यावर ठेवली. तुम्ही ओठावरून फिरवलीत, एकदा, मग दुसऱ्यांदा. "हे कुठलं पीस?" मी सांगितलं. मग डबीत सगळ्यात वर ठेवलीत.

ईद त्या वर्षी मार्चात आली आणि तिला जोडून शुक्रवार आला. साहेब म्हणाला, खिरानला जाऊ, तंबू टाकू, या माश्या पाण्यात घालून बघू. खिरान दक्षिणेला, तिथे समुद्र वाळवंटात आत शिरतो. कुवेतात नदी नाही, आणि साहेबाला नदीच्या सगळ्यात जवळची वस्तू तीच वाटायची. आपण कोकणातले लोक, आपल्याला ती सरळ खाडीच दिसली. त्याने तुम्हाला बोलावलं, माश्या बांधणारा जवळ असावा म्हणून, आणि स्वयंपाकालाही. "बेटी को भी लाओ," तो म्हणाला, "ईद है." अम्मी चिडली. "ईदला नवरा साहेबाच्या तंबूत, नि मी हितं शिरखुर्मा कुणाला वाढू?" पण ईदचा दिवस घरी काढून बासी ईदला सकाळी आपण निघालो. तिने डबाभर शिरखुर्मा बांधून दिला आणि माझी वेणी इतकी घट्ट घातली की दिवसभर कपाळ ओढत होतं. गाडीत बसल्यावर कळलं, साहेबाबरोबर त्याचा एक मित्र आहे. कंपनीच्या इस्पितळातला डॉक्टर.

तुम्ही माझा हात दाबलात. एवढंच. मग वाटेत एका ठिकाणी गाडी थांबली, ते दोघे उतरून पिवळ्या फुलांच्या झुडपांकडे गेले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "ऐक. कुणी विचारलं तर तुला काय येत नाय. तू पिसं निवडतेस. कळलं?" मी मान हलवली. तुम्ही माझ्या कानाकडे बघत होतात. "तोंडानं बोल." "कळलं, अब्बा," मी म्हणाले.

ते वाळवंट मी आधी कधी असं बघितलं नव्हतं. पाऊस झाला होता म्हणून पावलापावलाला बारीक गवत, मधे पांढरी फुलं, लांबवर कुणाच्या तरी शेळ्या. खाडीचं पाणी उथळ, हिरवट, आणि इतकं नितळ की तळाच्या वाळूवर माशांच्या सावल्या फिरताना दिसायच्या. साहेब गुडघाभर पाण्यात उभा राहिला आणि ती लांब काठी हलवू लागला. दोर डोक्यावरून मागे जायचा, हवेत सरळ व्हायचा, एक क्षण थांबायचा, मग पुढे जाऊन पाण्यावर इतका हलका पडायचा की लाटसुद्धा उठायची नाही. तुम्ही काठावर उभे होतात, डोळे मिटून. दोराच्या शिट्टीवरून तुम्ही सांगत होतात, हा नीट गेला, हा नाय गेला. साहेबाला वाटलं तुम्ही गंमत करताय. त्या दिवशी एकही मासा लागला नाही. साहेब एकामागून एक माशी बदलत होता. तुम्ही ती त्याच्या हातात देण्याआधी सवयीने ओठाला लावत होतात. डॉक्टर खुर्चीवर बसून बघत होता. तो साहेबाइतकंही हिंदुस्तानी बोलत नव्हता. त्याने साहेबाला काहीतरी विचारलं आणि साहेबाने तुम्हाला सांगितलं, "डॉक्टर पूछता है, तुम मुँह को क्यों लगाता है?"

"आदत है साब. घड़ी का काम."

डॉक्टरने मान हलवली. ऊन उतरल्यावर साहेबाला वाटलं, मित्राला दाखवावं कशी बांधतात ते. "एक बनाओ, अभी, डॉक्टर के सामने." तुम्ही व्हाइस पेटीच्या कडेला लावलात. गळ पकडलात. धागा घेतलात. मी तुमच्या मागे उभी होते. तुमची बोटं आठवणीने चालत होती, दोन वेढे बरोबर बसले, मग पीस हातातून निसटलं. तुम्ही ते वाळूत शोधू लागलात, ते तुमच्या पायाशीच होतं. "हवा बहुत है साब," तुम्ही म्हणालात. "सुबह बनाऊँगा." हवा खरोखरच होती. साहेब म्हणाला, हो हो, सकाळी. डॉक्टर पाइप साफ करत होता. वेळ टळली, अब्बा. तुम्ही भात शिजवलात, त्यांनी तो आवडीने खाल्ला, आणि अम्मीचा शिरखुर्मा साहेबाने वाटी चाटूनपुसून संपवला. सकाळी हवा असणार नव्हती हे मला माहीत होतं. पण सकाळी साहेब विसरेल, असं तुम्ही मला म्हणालात.

आणि तो विसरलाच होता. उजाडता उजाडता त्याने डबी उघडली, सगळ्यात वरची माशी उचलली आणि पाण्यात उतरला. हुदहुदच्या पिसाची. तिसऱ्या का चौथ्या फेकीला पाणी फुटलं. काठी अर्धी वाकली, दोर सर्रकन बाहेर पळाला, आणि साहेब लहान मुलासारखा ओरडू लागला. पाच-दहा मिनिटं ते चाललं. शेवटी त्याने मासा हातात धरून वर केला, चंदेरी, पंखांना पिवळी झाक, आपल्या खडकपालूचा भाऊ शोभेल असा. त्याच्या ओठाच्या कडेला माझी माशी अडकली होती. साहेबाने ती सोडवली, मासा पाण्यात धरून पुढेमागे हलवला, आणि तो गेला. मग तो काठावर आला, ओल्या हाताने तुमच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "शाबास! शाबास उस्ताद! ऐसा मक्खी किताब में भी नहीं है. ये तुम्हारा दिमाग का है ना?"

तुम्ही हसून मान खाली घातलीत आणि डॉक्टरने रात्रीच्या जाळीत पकडलेल्या बोई साफ करायला पाण्याच्या कडेला गेलात. दहा-बारा पावलांवर. साहेब डॉक्टरला माशी दाखवत होता, उलटसुलट करून, भिंगातून. शाबास, शाबास, असं चाललं होतं. मी वाळूवर बसले होते. आणि मी उभी राहिले आणि म्हणाले, "साब."

दोघांनी माझ्याकडे बघितलं.

"साब, ये मैंने बनाया है."

साहेब हसला. "तुम? तुम तो पंख निकालता है, छोटी मेमसाब."

"नहीं साब. सब मैंने बनाया. ये भी, वो भी. छे महीने से."

तो आणखी हसला आणि डॉक्टरला ते भाषांतर करून सांगितलं, तोही हसला. त्या हसण्याचा मला राग आला. मी पेटीपाशी गेले, व्हाइसला गळ लावला. माझीच सावली गळावर पडत होती म्हणून जरा सरकून बसले. आणि बांधली. दोघे माझ्या दोन्ही बाजूंना वाकून बघत होते. मी इतकी चांगली माशी कधीच बांधली नव्हती. गाठ कुठे आहे हे मलाही दिसलं नसतं. साहेबाचं हसणं थांबलं होतं, त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो म्हणाला, "शाबास, बेटी." मग डॉक्टरने हळू आवाजात एक प्रश्न विचारला आणि साहेबाने तो मला हिंदुस्तानीत सांगितला. बाप का नाही बांधत मग?

इथे गप्प बसता आलं असतं. मला माहीत नाही म्हणता आलं असतं, बारा वर्षांच्या मुलीला कोण दुसऱ्यांदा विचारतं? मी म्हणाले, "उनको बीच का दिखता नहीं है."

पुढचं तुम्हाला माहीत आहे. डॉक्टर वाईट माणूस नव्हता. तो तुमच्यापाशी गेला, तुमच्या हातातली सुरी काढून घेतली, खांद्याला धरून उन्हाकडे वळवलं आणि आपलं एक बोट तुमच्यासमोर धरलं. तुम्ही मान डावीकडे वळवलीत. तिथेच सगळं संपलं. पुढच्या आठवड्यात अहमदीच्या इस्पितळात अंधाऱ्या खोलीत तपासणी, मग एक कागद. साहेब फहाहीलला आपल्या अंगणात येऊन उभा राहिला, टोपी हातात घेऊन. "हम क्या करेगा? रूल है." त्याला खरोखर वाईट वाटत होतं. तो एप्रिलात रजेवर गेला, आणि त्याच महिन्यात आपण शुवैखच्या बंदरात आपल्या ट्रंकांवर बसलो होतो.

जहाजावर अम्मी त्या डॉक्टरला शिव्या देत होती. "मेल्याचं वाटोळं होवो, कुणाच्या तोंडाकडं बगत बसायची काय गरज होती? ओठाला लावलं त्याला काय झालं?" तुम्ही तिला सांगितलं होतंत की डॉक्टरने ओळखलं. ती जाईपर्यंत तिला तेच माहीत होतं, आणि मीही तेच सांगत गेले, पुढे छापूनही आणलं. त्या रात्री अम्मी झोपल्यावर आपण दोघं डेकवर होतो. मी रडत होते. तुम्ही म्हणालात, "मी तुला मान हलवून नको म्हणलं होतं." मी ओढणीने तोंड पुसलं. "ऊन तुझ्या डोळ्यांवर होतं," तुम्ही म्हणालात. "तुला कसं दिसणार." आणि त्यानंतर उरलेल्या आयुष्यात तुम्ही त्याबद्दल एक अक्षर काढलं नाहीत.

रत्नागिरीला आल्यावर मला शाळेत घातलंत. वर्ष वाया गेलं होतं, तरी मी पुन्हा पहिली आले. तुमची नोकरी गेली म्हणून मला शाळा मिळाली. शाळेमुळे नोकरी मिळाली, आणि नोकरीमुळे हे लिहिणं. मी घरी परत यायला मिळावं म्हणून बोलले नव्हते, एवढं तरी खरं आहे, तो विचार माझ्या डोक्यात नव्हता. पण त्याने काही बदलत नाही. तुम्ही कुवेतला गेल्यावर काकांनी चालवायला घेतलेल्या दुकानात तुम्ही कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचात. गिऱ्हाइकाचं घड्याळ कानाला लावून काय बिघडलंय ते सांगायचात, आणि उघडून दुरुस्त काकांचा मुलगा करायचा. काही वर्षांनी घड्याळंही तुमच्याकडे कमी येऊ लागली. स्टूल तिथेच राहिलं, तुम्हीही.

आपण परत आलो त्याच पावसाळ्यात विलायतेहून एक कार्ड आलं होतं, नदीच्या चित्राचं, मागे साहेबाच्या वाकड्यातिकड्या नागरी अक्षरांत हिंदुस्तानी लिहिलेलं. तुम्ही मला वाचायला लावलंत. मी सांगितलं, साहेब मजेत आहे, ट्राउट लागले, तुमची आठवण काढतो. कार्डावर शेवटी आणखी एक ओळ होती, सगळ्यात मोठा मासा हुदहुदच्या पिसाला लागला, बेटीला शाबास सांगा. ती मी वाचली नाही. तुम्ही कार्ड हातात घेतलंत, चित्राकडे तोंड केलंत, मान डावीकडे वळवून नदी बघायचा प्रयत्न केलात. "पाणी हिरवं हाय का गो?" विचारलंत. "हिरवं आहे," मी म्हणाले. ते कार्ड काळं-पांढरं होतं.

हे पत्र कुठे पाठवायचं? तुमच्या कबरीपाशी उभी राहून वाचावं असंही मनात आलं, पण तिथे काकांचे नातू येतात, आणि मला मोठ्याने वाचवणार नाही. आता लिहिलेली ओळ वाचताना मीही मान वळवू लागले आहे. तेव्हा जे सांगायचं ते डोळे आहेत तोवर सांगून टाकते. त्या सकाळी मी 'साब' म्हणाले तेव्हा तुम्ही पाण्याच्या कडेला उठून उभे राहिलात. आणि माझ्या कानाकडे नाही, तर सरळ माझ्या तोंडाकडे वळलात. म्हणजे मी तुम्हाला दिसतच नव्हते, मी त्या डागात होते. त्या डागाकडे बघून तुम्ही नको म्हणून मान हलवलीत, एकदा, आणि मग थांबून पुन्हा एकदा. तुमच्या हातात सुरी होती, दाढीला खवलं चिकटलं होतं. ऊन माझ्या पाठीवर होतं, अब्बा.